रंग की पॉलिश? घरच्या फर्निचरचा निर्णय लाकूड पाहून कसा घ्यावा

जुने टेबल घरीच नवे करायचे ठरले की घरात दोन तट पडतात. एकाला ते पांढरेशुभ्र किंवा गर्द निळे हवे असते, दुसऱ्याला सागवानाच्या रेघा दिसायला हव्या असतात, आणि वाद मिटायच्या आतच कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंटचा डबा घेऊन येते. या लेखात सुचवलेला क्रम वेगळा आहे. आधी लाकूड ओळखावे, मग त्यावर आज काय चढलेले आहे ते तपासावे, त्यानंतर ती वस्तू कुठे आणि कशी वापरली जाणार आहे ते पाहावे, आणि आवडीनिवडीचा प्रश्न सर्वांत शेवटी काढावा. बहुतेक वेळा तिथवर पोहोचेपर्यंत वाद आपोआप मिटलेला असतो.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे ‘पॉलिश’ हा एकच शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरला जातो, आणि नवख्या माणसाची दुकानात फसगत होते ती इथेच. स्टेन म्हणजे कोऱ्या लाकडात मुरणारा रंग. तो लाकडाची छटा बदलतो, पण रेघा झाकत नाही आणि लाकडाला संरक्षणही देत नाही. सीलर लाकडाची छिद्रे बंद करतो. त्यावरचा पारदर्शक थर, मग तो चपड्याचे (लाखेपासून काढलेल्या पातळ पापुद्र्यांचे) फ्रेंच पॉलिश असो, लॅकर असो, मेलामाइन असो की पीयू (पॉलियुरेथेन), पाणी आणि ओरखडे अडवतो. स्टेन ऐच्छिक आहे. चांगल्या सागवानाला त्याची गरजही नसते. वरचा पारदर्शक थर मात्र अनिवार्य आहे. याउलट ऑइल पेंट किंवा पाण्यात मिसळणारा इनॅमल लाकडाच्या पृष्ठभागावर बसतो, ते पूर्ण झाकतो, आणि झाकता झाकता संरक्षणही करतो.

आता सगळ्या निर्णयामागची मुख्य गोष्ट सांगतो. पॉलिशवरून रंगाकडे जाणे सोपे असते, रंगावरून पॉलिशकडे परतणे अत्यंत कष्टाचे असते. रंगाचे कण लाकडाच्या छिद्रांत आणि सांध्यांच्या फटींत जाऊन बसतात. वरचा थर खरवडून काढला तरी सागवानाच्या काळपट रेघांत पांढरे ठिपके उरतातच, आणि कोरीव पायांतून ते काढताना कोरीवकामच झिजते. म्हणून मन दोलायमान असेल आणि लाकूड चांगले असेल, तर आधी पॉलिश करावे. दोन वर्षांनी ते आवडेनासे झाले, तर रंगाचा डबा तेव्हाही मिळेल.

पहिली पायरी: लाकूड ओळखणे

वस्तू उलटी करावी. वरचा भाग सगळ्यांनी मिळून सजवलेला असतो; खरे लाकूड टेबलाच्या पोटाला, ड्रॉवरच्या बाहेरच्या बाजूंना आणि कपाटाच्या पाठीला दिसते. तिथे नखाने किंवा पॉलिश पेपरच्या लहानशा तुकड्याने बोटाएवढी जागा स्वच्छ करून पाहावी.

अखंड लाकडात फळीच्या वरची रेघ कडेवरून खाली वळते आणि टोकाच्या कापावर बारीक छिद्रांची किंवा वर्तुळांच्या तुकड्यांची नक्षी दिसते. व्हिनियर, म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर वरची रेघ कडेपाशी थांबते आणि कडेला प्लायवूडचे थर किंवा त्यावर चिकटवलेली पट्टी दिसते. सनमाइका ओळखणे सर्वांत सोपे आहे: नक्षी ठरावीक अंतराने हुबेहूब पुन्हा येते, पाणी शिंपडले तर जराही मुरत नाही, आणि कोपऱ्यावर टवका उडालेला असेल तर आतला गडद थर दिसतो. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची, उघडी कड दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी, रेघा नसलेली असते, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकून राहिलेली असेल तर फुगलेलीही असते.

यातून पहिली चाळणी होते. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि सनमाइका यांचा पॉलिशशी संबंध नाही. एमडीएफमध्ये दाखवण्याजोग्या रेघाच नसतात, आणि सनमाइकात स्टेन मुरूच शकत नाही. या वस्तूंना रंगच द्यावा. तोही सनमाइकावर आधी पृष्ठभाग नीट खरखरीत करून आणि गुळगुळीत पृष्ठभाग धरणारा प्रायमर लावून, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात.

दुसऱ्या टोकाला सागवान, शिसव आणि कोकणातल्या घरांत सापडणारा फणस. ही लाकडे उत्तम स्थितीत असताना रंगाखाली गाडणे, हे माझे प्रांजळ मत आहे, निव्वळ नुकसान आहे. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिरव्या-करड्या ऑइल पेंटखाली दडलेली सागवानी खुर्ची मिळते, आणि तिच्या बैठकीखालची बाजू खरवडली की मधासारखी छटा बाहेर येते. ती पाहिल्यावर कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही. सागवान हातात घेतल्यावर थोडे तेलकट लागते आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. वजन मात्र फसवे ठरू शकते, कारण जुने वाळलेले सागवान अपेक्षेपेक्षा हलके भरते.

मधल्या गटात आंबा, रबरवूड, पाइन आणि साधे प्लायवूड. इथेच खरा विचार करावा लागतो. पाइनवर स्टेन सरळ लावला तर तो कुठे जास्त, कुठे कमी मुरतो आणि पृष्ठभागावर ढग आल्यासारखे दिसते. आधी पातळ केलेल्या सीलरचा एक हात मारल्यास हे बरेच आटोक्यात येते. रबरवूडच्या वस्तू लहान तुकडे जोडून केलेल्या असतात आणि प्रत्येक तुकडा निराळ्या छटेचा असू शकतो, त्यामुळे मध्यम ते गडद स्टेन तिथे बरा दिसतो. आंब्याच्या फळीत काळपट पट्टे असतात. काहींना ते आवडतात, काहींना डाग वाटतात. इथे आवडीला जागा आहे.

दुसरी पायरी: वर काय चढले आहे?

स्टेन फक्त कोऱ्या लाकडातच मुरतो. जुन्या पॉलिशवर स्टेन लावला तर तो चिकट राहतो आणि कापडाला लागतो. म्हणून जुना थर ओळखणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी दोनच पदार्थ पुरेत: पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट, आणि एनसी थिनर (लॅकर पातळ करण्याचे द्रावण). नजरेआड असलेल्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरावा. थर चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, तर ते चपड्याचे फ्रेंच पॉलिश आहे. काही झाले नाही तर थिनरने तोच प्रयोग करावा. आता थर विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा मेलामाइन किंवा पीयूचा असतो आणि तो घासूनच काढावा लागतो.

फ्रेंच पॉलिश निघाले तर तुमचे नशीब चांगले. नवा चपडा जुन्या चपड्याला थोडा विरघळवून त्यात एकजीव होतो, त्यामुळे पूर्ण खरवडण्याची गरज नसते. साबणाच्या ओलसर फडक्याने मळ काढून, वाळवून, बारीक पेपरने हलके घासून वर नवे हात मारले तरी वस्तू उजळते. गरम कपाचे पांढरे वर्तुळही पुष्कळदा अशाच उपचाराने जाते.

जुना ऑइल पेंट असेल तर एक सावधगिरी पाळावीच लागते. जुन्या रंगांमध्ये शिसे मोठ्या प्रमाणावर असे. भारतात घरगुती रंगांतील शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांच्या मर्यादेत आणणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर करू नये. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया असलेल्या घरात तर मुळीच नाही. पेंट रिमूव्हर लावून, थर मऊ झाल्यावर पत्रीने (खरवडण्याच्या पात्याने) ओला असतानाच खरवडावा, खरवड वर्तमानपत्रात गुंडाळून बांधून टाकावी, आणि हे काम गच्चीत किंवा अंगणात, हातमोजे व मास्क घालून करावे. रंग जर घट्ट बसलेला असेल, कुठेही सुटत नसेल, आणि लाकूडही साधेच असेल, तर तो काढण्याचा हट्ट न धरता त्यावरच ओल्या वॉटर पेपरने हलका हात फिरवून नवा रंग चढवणे शहाणपणाचे.

व्हिनियरबाबत आणखी एक. आजच्या प्लायवूडवरचे व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते. घासणीचे यंत्र कडेला क्षणभर जास्त टेकले तरी ते फाटून खालचा फिकट थर उघडा पडतो आणि मग रंगाशिवाय गत्यंतर राहत नाही. व्हिनियरला हातानेच, १८० च्या पेपरपासून (आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक) सुरुवात करून घासावे.

तिसरी पायरी: डागडुजी किती, वापर कसा?

लाकूड उघडे पडल्यावर ते स्पिरिटच्या ओलसर कापडाने पुसून घ्यावे आणि स्पिरिट उडून जाण्यापूर्वी उजेडात नीट पाहावे. ओले असतानाचे ते रूप पारदर्शक पॉलिशनंतर दिसणाऱ्या रूपाच्या अगदी जवळचे असते. फुकटात मिळणारी ही झलक आहे. त्याच क्षणी सांध्यांजवळचे फिकट धब्बेही दिसतात. ते वाळलेल्या फेविकॉलचे असतात. तिथे स्टेन मुरणार नाही, म्हणून ते खरवडून काढावे लागतात.

खिळ्यांची भोके, लांबीने (पुट्टीने) बुजवलेल्या भेगा, दोन निरनिराळ्या लाकडांचे जोड आणि जळल्याचे काळे डाग हे सगळे पॉलिशखाली दिसतच राहतात, आणि गडद स्टेनने तर लांबीची जागा उलट उठून दिसते. असे पाचसहा दोष मागच्या बाजूला असतील तर सोडून द्यावेत. टेबलाच्या मधोमध तळहाताएवढा लांबीचा ठिगळ असेल, तर रंगाचा विचार करावा किंवा मध्यममार्ग घ्यावा: वरची फळी पॉलिश, पाय आणि चौकट रंगवलेली. हा मध्यममार्ग मला स्वतःला फार आवडतो, कारण दुरुस्त्या बहुधा पायांतच झालेल्या असतात. रंग दिल्याने वस्तूला कमीपणा येतो, अशीही समजूत नसावी. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि पाट रंगवलेलेच असतात, आणि त्यांची कीर्ती त्या रंगांमुळेच आहे.

लाकडातून पीठ पडत असेल तर मात्र रंग आणि पॉलिश दोन्ही थांबवावे. आधी कीड मारावी, काही आठवडे खाली कागद पसरून पीठ पुन्हा पडते का ते पाहावे, आणि मगच पुढे जावे.

वापराचा प्रश्न थोडक्यात सुटतो. जेवणाच्या टेबलाला फ्रेंच पॉलिश चालत नाही, कारण गरम पातेले आणि पाणी दोन्ही त्याचे शत्रू आहेत; तिथे पीयू घ्यावे. देव्हारा, शोकेस, आरशाची चौकट यांना चपडा शोभतो. झोपाळा किंवा बाल्कनीतली खुर्ची ऊन-पाऊस झेलत असेल तर बाहेरच्या वापराचे पीयू किंवा इनॅमल रंग. तिथे रंग जास्त टिकतो, कारण त्यातले रंगद्रव्य ऊन अडवते. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला रंग दिल्यास टवके उडतात ते ठळक दिसतात, पॉलिशवरचे ओरखडे लाकडाच्या रेघांत लपून जातात, आणि नंतर दुरुस्तीही तेवढ्या जागेपुरती करता येते. हा मुद्दा बहुतेक लोक विसरतात.

चौथी पायरी: नमुना

डब्यावरच्या छटेवर विश्वास ठेवू नये. तोच ‘वॉलनट’ सागवानावर वेगळा आणि पाइनवर वेगळा दिसतो. शिवाय स्टेनने लाकूड गडदच होते, फिकट कधीच होत नाही. काळपट शिसवाला फिकट करून देणारा स्टेन नाही. टेबलाच्या पोटाला वीतभर जागा घासून तिथे सगळी साखळी करून पाहावी, म्हणजे स्टेन, सीलर आणि वरचा हात, आणि ती दिवसाच्या उजेडात व रात्री घरातल्या दिव्याखाली अशी दोनदा पाहावी. रंगाचाही नमुना असाच घ्यावा.

ही पायरी मी एकदा वगळली होती. घरातल्या सागवानी चौरंगाला पांढरा, पाण्यात मिसळणारा रंग द्यायचा हट्ट धरला, प्रायमरचा कंटाळा केला, आणि संध्याकाळी दुसरा हात मारून समाधानाने झोपलो. सकाळी सांध्यांपाशी चहा सांडल्यासारखे पिवळट-तपकिरी ओघळ उमटले होते. तिसरा हात मारला. दुपारपर्यंत ते त्यातूनही वर आले. लाकडातली रंगीत द्रव्ये पाण्यात विरघळून रंगात चढत होती, आणि वरून कितीही हात मारले तरी ती थांबणार नव्हती. शेवटी सगळे घासून, चपड्याचा एक पातळ हात देऊन, त्यावर तेलात मिसळणारा प्रायमर आणि मग रंग, असे केल्यावर चौरंग पांढरा राहिला. पोटाला वीतभर नमुना केला असता तर चार दिवस वाचले असते, आणि चौरंग कदाचित पॉलिशच राहिला असता.

पॉलिश ठरल्यास

घासकाम ८० किंवा १२० च्या पेपरने सुरू करून १८० आणि शेवटी २२० पर्यंत न्यावे, नेहमी रेघांच्या दिशेने. आडवे घासलेले ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, स्टेन पडला की जाळीसारखे उमटतात. स्टेनपूर्वी २२० च्या पुढे जाऊ नये, कारण लाकूड फार गुळगुळीत झाले तर स्टेन धरत नाही. मग ओलसर कापड फिरवून लाकडाचे तंतू उभे होऊ द्यावेत, वाळल्यावर शेवटच्या पेपरने ते अलगद काढावेत आणि धूळ पूर्ण पुसावी. सागवान तेलकट असल्याने पॉलिशच्या आधी थिनरच्या कापडाने पुसून घेणे चांगले.

स्टेन कापडाने लावावा आणि दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या कोरड्या कापडाने जास्तीचा पुसून काढावा. एका वेळी एक पूर्ण फळी घ्यावी, अर्ध्यात थांबू नये. थांबलेल्या जागी गडद पट्टा उमटतो. टोकाचे काप जास्त पितात, तिथे हात हलका ठेवावा. रात्रभर वाळल्यावर सीलरचे दोन हात, मध्ये ३२० च्या पेपरने घासणी, आणि मग पीयू किंवा लॅकरचे दोन-तीन पातळ हात. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन हात नेहमी बरे, कारण जाड थर ओघळतो आणि आतून बरेच दिवस ओला राहतो.

चपडा वापरायचा असेल तर लिटरभर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजत घालावा. लोखंडी डब्यात तो काळा पडतो. कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात पुरचुंडीसारखा बांधून, त्यात पॉलिश घेऊन, न थांबता हलक्या हाताने फिरवावा. बोळा एका जागी थबकला की खालचा थर विरघळून कापडाचा छापा उमटतो. जुने, महिनोन्‌महिने ठेवलेले पॉलिश वापरण्याआधी त्याचा थेंब काचेवर वाळवून पाहावा; तो चिकटच राहिला तर फेकून द्यावे.

रंग ठरल्यास

इथे कौशल्य कमी आणि शिस्त जास्त लागते. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, १२० आणि १८० ने घासावे, प्रायमरचा हात द्यावा, मग लांबी भरावी, ती वाळल्यावर २२० ने समतल करून प्रायमरचा दुसरा हात, आणि त्यावर रंगाचे दोन हात. ऑइल पेंटच्या दोन हातांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा. प्रायमर वगळण्याचे फळ काय मिळते ते वर चौरंगाच्या कथेत आलेच आहे. एका खुर्चीला अर्ध्या लिटरचा डबा सहसा पुरून उरतो. कडी-कोयंडे आणि बिजागऱ्या काढून ठेवाव्यात. त्यांच्याभोवती ब्रश फिरवलेले कपाट दुरूनही ओळखू येते.

ऋतू आणि चिंध्या

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. हवेतली दमट वाफ वाळणाऱ्या चपड्यात आणि लॅकरमध्ये अडकून पांढरट धुके धरते, आणि फुगलेल्या लाकडावर दिलेला थर हिवाळ्यात लाकूड आकसल्यावर सांध्यांपाशी तडकतो. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. देशावर उन्हाळ्यात काम केल्यास सावलीत करावे, कारण कडक उन्हात वरची साय आधी धरते आणि खाली बुडबुडे राहतात.

अळशीचे तेल किंवा तेलयुक्त स्टेन वापरला असेल तर त्याच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि दाबून ठेवलेल्या चिंधीत ती साठून ठिणगीशिवाय आग लागू शकते. चिंध्या पाण्यात भिजवाव्यात किंवा बाहेर दोरीवर एकेक सुटी पसरून कडक वाळू द्याव्यात, आणि मगच कचऱ्यात टाकाव्यात. स्पिरिट आणि थिनर उघडे असताना देवाजवळचे निरांजन आणि गॅस दोन्ही बंद असावेत.

थर हाताला कोरडा लागला तरी आतून घट्ट व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर टेबलावर टेबलक्लॉथ घालू नये, काच ठेवू नये, आणि ड्रॉवर पूर्ण न मिटता बोटभर उघडे ठेवावेत. नाहीतर रंगाला रंग चिकटतो आणि पहिल्यांदा ओढताना कडेचा पापुद्रा हातात येतो.